चामखीळ घरच्या घरी कशी घालवावी

हातावर चामखीळ उठली की ती खुडायचा किंवा ब्लेडने कापायचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. चामखीळ ही एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे येते आणि हा विषाणू कातडीच्या वरच्या थरात मुक्काम करतो. खुडलं की रक्त येतं, जखम होते आणि त्या जखमेतून तो आजूबाजूला पसरतो. एकीच्या चार होतात त्या बऱ्याचदा अशाच. चामखीळ घालवायची तर एकेक थर उतरवत, आणि त्याला कित्येक आठवडे लागतात.

औषधाला हात लावण्याआधी ती खरोखर चामखीळच आहे ना, हे नीट बघा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. उजेडात बोट धरून निरखा. चामखिळीचा पृष्ठभाग फुलकोबीसारखा खडबडीत असतो आणि कातडीवरच्या बारीक रेषा तिच्यापाशी येऊन तुटतात. आत काळे ठिपके दिसतात. पुष्कळ जण त्यांना चामखिळीची मुळं समजून सुईने टोकरतात. ती मुळं नसून गोठलेल्या रक्ताच्या बारीक केशवाहिन्या असतात.

तळपायाला असेल तर कुरूप आणि चामखीळ यांत गल्लत होते. कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. मानेवर किंवा काखेत लोंबणारी मऊ चामखीळ वेगळी. ती विषाणूमुळे येत नाही, तिच्यावर पुढे सांगितलेलं औषध लावू नका. डॉक्टर ती काही मिनिटांत काढून देतात. तिला दोरा बांधून ठेवला तर दुखतं, सूज येते, पू होऊ शकतो.

तीळ किंवा जन्मखूण असेल तर घरगुती उपाय पूर्ण वर्ज्य. तिळाच्या दोन बाजू सारख्या नसतील, कडा वेड्यावाकड्या असतील, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसत असतील, आकार ६ मिलीमीटरपेक्षा मोठा असेल किंवा तो बदलत चालला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे लगेच जा.

खात्री पटली, की मेडिकलमधून चामखिळीसाठीचं सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणा. साधारण १७ टक्क्यांचं द्रावण मिळतं. जाड कातडीसाठी ४० टक्क्यांच्या चिकटपट्ट्याही असतात. मुरुमांच्या क्रीममध्येही हेच अ‍ॅसिड असतं, पण इतकं सौम्य की चामखिळीवर त्याचा काही उपयोग होत नाही.

रात्री झोपण्यापूर्वीची वेळ सोयीची. चामखीळ असलेला भाग कोमट पाण्यात ५ ते १० मिनिटं बुडवून ठेवा. कातडी मऊ होऊन पांढुरकी दिसू लागली की नखं घासायच्या पट्टीने वरचा मेलेला थर हलक्या हाताने घासा. रक्त येईपर्यंत घासायचं नाही, दुखायला लागलं की थांबा. ती पट्टी पुन्हा नखांना लावू नका आणि घरात दुसऱ्या कुणाला देऊ नका, काम झालं की टाकून द्या. भाग कोरडा करा. चामखिळीच्या भोवतीने, चांगल्या कातडीवर पेट्रोलियम जेलीचं कडं काढा, म्हणजे ओघळ आला तरी भाजणार नाही. मग काडीच्या टोकाने द्रावणाचा एक थेंब फक्त चामखिळीवर ठेवा, वाळू द्या, वरून साधी चिकटपट्टी लावा आणि हात धुवा.

दुसऱ्या दिवशी तिथे पांढरी साय धरल्यासारखी दिसेल. तीच भिजवून घासून काढायची आणि पुन्हा थेंब ठेवायचा. मधेच कातडी लाल होऊन चुरचुरली तर दोन-चार दिवस खंड पाडा, आग थांबली की पुन्हा सुरू करा. सपाट झाली म्हणून लगेच सोडू नका. काळे ठिपके जाऊन कातडीच्या रेषा पुन्हा अखंड दिसल्या, की काम झालं. १२ आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो.

व्हिनेगर, ठेचलेला लसूण असे उपाय सर्रास सांगितले जातात. ते पट्टीखाली रात्रभर बांधून ठेवले तर चांगली कातडी भाजते, फोड येतात, आणि चामखीळ गेली तरी मागे डाग राहतो.

मुलांच्या बाबतीत थोडा धीर धरायला हरकत नाही. दुखत नसेल, पसरत नसेल, तर तशीच सोडा. मुलांमधल्या बऱ्याचशा चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात, कारण शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूला ओळखायला शिकते.

चेहऱ्यावर, जननेंद्रियांवर किंवा नखाखाली चामखीळ असेल तर वरचं काहीही करू नका. मधुमेह असेल, पायांचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते आणि भाजलेलं कळतही नाही. १२ आठवडे नेमाने करूनही फरक नसेल, तर डॉक्टर द्रवरूप नायट्रोजनने ती गोठवून काढतात. तोवर तिच्यावर पट्टी ठेवा, टॉवेल वेगळा वापरा आणि नखं कुरतडायची सवय असेल तर बोटं तोंडापासून लांब ठेवा, नाहीतर विषाणू ओठांवर जातो.