प्रक्रियेच्या आकृतीवर शर्टाचं बटण

माझ्या टेबलाच्या खणात शर्टाची चार-पाच बटणं पडलेली असतात. कुणी नवी प्रक्रिया आखून आणली की मी तिची मोठ्या कागदावर प्रिंट काढते, सुरुवातीच्या गोलावर एक बटण ठेवते आणि म्हणते, "हं, आता सरकव." बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या चौकोनापाशीच "एक मिनिट हं" ऐकू येतं. बीपीएमएनमध्ये, म्हणजे प्रक्रियांच्या आकृत्या काढायच्या ठरलेल्या खुणांच्या भाषेत, या बटणाला टोकन म्हणतात. आकृती वाचून प्रक्रिया चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, आतमध्ये जवळपास हेच करतं, फक्त ते "एक मिनिट हं" म्हणत नाही.

पण बटणाच्या आधी पेन हवं, आणि पेनाच्या आधी कान. "तुमच्याकडे बिलं मंजूर कशी होतात?" असं विचारलं की माणसं नियमावली सांगायला लागतात. म्हणून मी विचारते, "सगळ्यात अलीकडे अडकलेलं बिल दाखवा ना." प्रवासखर्चाच्या बिलांचं काम करत होते तेव्हा हिशेब बघणाऱ्या बाईंनी हसत एक फोल्डर उघडून दाखवला. त्याचं नाव होतं 'नंतर बघू'. आत चौदा बिलं. कुणाची पावती हरवलेली, कुणाचे मंजुरी देणारे साहेब रजेवर, एक बिल दोन विभागांत अर्धं-अर्धं टाकायचं होतं आणि ते कसं टाकायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला साहेबांनी पाठवलेल्या सुबक आकृतीत यातलं एकही नव्हतं. त्या फोल्डरवरून मी सगळी प्रक्रिया नव्याने मांडली.

मांडायला बसताना आधी सगळं सुरळीत पार पडलं तर काय होईल तेवढंच काढा. सात-आठ चौकोन, एका ओळीत. टास्कच्या, म्हणजे चौकोनातल्या कामाच्या, नावात काम आणि कशावर काम, दोन्ही येऊ द्या: 'पावत्या तपासणे', 'रक्कम जमा करणे'. नुसतं 'तपासणी' किंवा 'प्रोसेसिंग' लिहिलं की महिन्याभराने लिहिणाऱ्यालाही अर्थ आठवत नाही. बीपीएमएन २.० चं मानक २०११ चं, पाचशेहून जास्त पानांचं, आणि त्यात खुणांची खंडीभर गर्दी आहे. मी रोज वापरते त्या दहा-बारा. आकृतीत एखादी अनोळखी खूण दिसली की काढणाऱ्याला पाठांतर दाखवायचं होतं असं मी खुशाल धरून चालते.

आता पत्त्यांतल्या चौकटसारख्या तिरप्या चौकटी, म्हणजे गेटवे; वाटा फुटतात आणि जुळतात त्या जागा. गुणिले चिन्हाची चौकट एकच वाट निवडते, अधिक चिन्हाची चौकट सगळ्या वाटा एकदम उघडते. हे पुस्तकात वाचून सगळ्यांना पटतं आणि आकृतीत सगळे चुकतात. आमच्या बिलांच्या आकृतीत साहेबांच्या मंजुरीनंतर अधिकची चौकट होती. तिच्यातून 'पावत्या तपासणे' आणि 'बजेट तपासणे' अशा दोन फांद्या निघत होत्या आणि दोन्हींचे बाण थेट 'रक्कम जमा करणे' या चौकोनात घुसत होते. दिसायला अगदी सोज्ज्वळ. चौकटीपाशी एका बटणाची दोन बटणं झाली. पहिलं तपासणी उरकून शेवटच्या चौकोनात गेलं, रक्कम जमा. थोड्या वेळाने दुसरं तिथेच पोचलं. रक्कम पुन्हा जमा. कारण बाण नुसते एकत्र आले म्हणून टोकन एकत्र येत नाहीत. दोघांनी एकमेकांसाठी थांबावं असं वाटत असेल तर त्या चौकोनाआधी पुन्हा अधिकची चौकट टाकावी लागते.

याच्या उलट चूक आणखी छळते. वाटा फुटताना गुणिलेची चौकट आणि जुळताना अधिकची. बटण एकाच वाटेने येतं, अधिकची चौकट दुसऱ्या वाटेवरच्या बटणाची वाट बघत बसते, आणि ते बटण कधी निघालेलंच नसतं. एरर येत नाही, मेल येत नाही, कुणाचा फोनही येत नाही. बिल नुसतं बसून राहतं. नव्या 'नंतर बघू' फोल्डरची ही सुरुवात.

गुणिलेच्या चौकटीतून निघणाऱ्या एका बाणावर छोटी तिरकी रेघ मारायची सवय लावून घ्या. बाकी कुठलीच अट जुळली नाही तर जायची ती वाट. ती नसेल आणि एकही अट खरी ठरली नाही, तर इंजिन तिथेच अडून बसतं.

अपवाद मात्र मुख्य ओळीत कोंबू नका. साहेब रजेवर असतील तर काय, हे 'मंजुरी देणे' या चौकोनाच्या कडेवर घड्याळाचा गोल चिकटवून सांगता येतं. गोलाची दुहेरी कड अखंड असेल तर वेळ संपताच मंजुरीचं काम रद्द होऊन बटण दुसऱ्या वाटेला लागतं. कड तुटक असेल तर काम चालूच राहतं आणि आठवण करून द्यायला एक जादा बटण निघतं. अखंड की तुटक, हे आकृती काढणाऱ्याने परस्पर ठरवू नये. हिशेबातल्या बाईंनाच विचारावं: "तीन दिवसांनी नुसती आठवण करायची, की प्रकरण वरच्या साहेबांकडे द्यायचं?"

घड्याळावरून माझीच एक फजिती. टेस्टिंगसाठी आठवणीची मेल पाच मिनिटांनी जायला हवी होती. या इंजिनांत कालावधी आयएसओ ८६०१ या तारीख-वेळेच्या मानकाच्या पद्धतीने लिहितात: पाच मिनिटं म्हणजे 'पीटी५एम'. मी टी विसरून 'पी५एम' लिहिलं आणि दुपारभर मेल सर्व्हरच्या नावाने बोटं मोडली. 'पी५एम' म्हणजे पाच महिने. टी नंतरचा एम मिनिटांचा, त्याआधीचा महिन्यांचा. तेव्हापासून टायमर बिघडल्यासारखा वाटला की आधी इंजिनाच्या जॉब टेबलात, म्हणजे पुढे करायच्या कामांच्या यादीत, पुढची तारीख कुठली पडली आहे ते बघते, मग सर्व्हरकडे वळते.

नियमांबद्दल थोडंसंच. रक्कम अमुकहून जास्त आणि विभाग तमुक आणि प्रवास बाहेरचा, तर मंजुरी कुणाची, असल्या अटींसाठी चौकटींची माळ गुंफत बसू नका. त्यासाठी डीएमएन, म्हणजे निर्णयाचे नियम तक्त्यात मांडायचं मानक, आहे, २०१५ पासून. एक निर्णयतक्ता करा आणि आकृतीत त्याच्यासाठी एकच चौकोन ठेवा. तक्त्याचा प्रकार 'युनिक' ठेवलात तर एकाच बिलाला दोन ओळी लागू झाल्या की इंजिन तक्रार करतं, आणि तशी तक्रार आलेली मला आवडते. 'फर्स्ट' ठेवलं तर ते गुपचूप वरची ओळ उचलतं आणि नियमांतली भांडणं झाकलेलीच राहतात.

मग टूल कुठलं? हा प्रश्न मला सगळ्यात आधी विचारला जातो, म्हणून मी तो मुद्दाम मागे ठेवते. चित्र काढायला बीपीएमएन-डॉट-आयओ फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, शिकायला तेवढं पुरतं. चालवायला इंजिन लागतं. ॲक्टिव्हिटी हा प्रकल्प २०१० मध्ये सुरू झाला, त्यातून २०१३ मध्ये कॅमुंडा फुटून निघालं आणि २०१६ मध्ये फ्लोएबल. म्हणजे ही सगळी एकाच घरातली भावंडं. तिन्हींना बीपीएमएन २.० ची एक्सएमएल फाइल चालते, आणि विक्रेते इथेच थांबून हसतात. खरी गोष्ट अशी की फाइलमधलं चित्र कुठेही उघडतं. पण कुठल्या टास्कला कुठला कोड जोडलाय, किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा, फॉर्म कुठला दाखवायचा, हे प्रत्येक इंजिन आपल्या स्वतःच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलमधल्या खास खुणांमध्ये, लिहितं. दुसऱ्या इंजिनात नेल्यावर चित्र दिसतं, प्रक्रिया चालत नाही. म्हणून निवड करण्याआधी एक छोटी खरी प्रक्रिया ज्यांतून निवडायचं त्या प्रत्येक इंजिनात चालवून बघा आणि किती टॅग पुन्हा लिहावे लागले ते मोजा.

इंजिनात टाकताना सगळ्यात जास्त चटका देणारी जागा सांगते. कॅमुंडा ७ किंवा फ्लोएबलमध्ये 'मेल पाठवणे' आणि 'नोंद करणे' असे दोन आपोआप होणारे टास्क पाठोपाठ असले, तर दोन्ही सहसा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालतात, म्हणजे नोंदी झाल्या तर सगळ्या, नाहीतर एकही नाही. नोंद करताना डेटाबेस रुसला की इंजिन मागच्या थांब्यापर्यंत माघारी येतं. गेलेली मेल मात्र माघारी येत नाही. पुन्हा प्रयत्न झाला की तीच मेल पुन्हा जाते. दोन्हींच्या मध्ये 'असिंक' थांबा ठेवला की इंजिन तिथपर्यंतची प्रगती जतन करतं आणि पुढचा प्रयत्न तिथून सुरू होतो. कागदावर मी अशा थांब्यावर पेन्सिलने आडवी रेघ मारते. बटण माघारी न्यायची वेळ आली तर ते रेघेपर्यंतच सरकवायचं, त्याच्या मागे नाही.

आता मॉडेलवरून थेट कोड तयार करण्याकडे. ओएमजी या मानक संस्थेने २००१ मध्ये एमडीए, म्हणजे मॉडेलवरून सॉफ्टवेअर घडवायची पद्धत, मांडलं तेव्हा स्वप्न असं होतं की मॉडेल काढा, कोड आपोआप. माझा अनुभव अर्धा गोड. डेटाची रचना, फॉर्म, इंटरफेस हे मॉडेलवरून खुशाल जनरेट करा, कंटाळवाणं काम वाचतं. वागणूक मात्र इंजिनालाच मॉडेल वाचून चालवू द्यावी. आणि जनरेट झालेल्या फाइलला हात लावायचा नाही. आमच्या एका सहकाऱ्याने अशाच फाइलमध्ये तारखेची पडताळणी हाताने घातली, पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे कोड नव्याने तयार होताना, ती पुसली गेली, आणि जनरेटरला लागलेल्या शिव्या मी कानांनी ऐकल्या. एक्लिप्सच्या ईएमएफमध्ये, म्हणजे मॉडेलवरून जावा कोड काढणाऱ्या साधनात, मेथडवरच्या 'जनरेटेड' या खुणेपुढे 'नॉट' लिहिलं की ती मेथड वाचते. तरी मी त्यावर विसंबत नाही, कारण अशा वाचवलेल्या मेथडांची गर्दी झाली की मॉडेल आणि कोड हळूहळू वेगळं बोलू लागतात. जनरेट झालेला कोड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आपला कोड त्याच्या सबक्लासमध्ये लिहा, आणि जनरेट झालेल्या कोडचा फोल्डर प्रत्येक बिल्डला उडवून नव्याने तयार होऊ द्या. मग हाताने काही घालायचा मोहच होत नाही.

मॉडेलची फाइल गिटमध्येच, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातच, हवी. एक चौकोन जरा उजवीकडे सरकवला तरी फाइलमध्ये कोऑर्डिनेट बदलतात आणि डिफमध्ये, म्हणजे दोन आवृत्त्यांतला फरक बघताना, गोंधळ दिसतो. त्यामुळे मांडणी सुधारायची तर तेवढाच वेगळा कमिट करा. टूलने आपोआप दिलेले अगम्य आयडीही सुरुवातीलाच बदलून टाका, कारण पुढे लॉगमध्ये तेच वाचायचे असतात.

शेवटची अडचण डिप्लॉय केल्यावर, म्हणजे आकृती इंजिनात चालू केल्यावर, येते. नवी आवृत्ती टाकली तरी आधी सुरू झालेली प्रकरणं जुन्याच आकृतीवर चालत राहतात, तुम्ही मुद्दाम हलवेपर्यंत. म्हणून जुन्या टास्कचा कोड लगेच काढू नका. आधी जुन्या आवृत्तीवर किती प्रकरणं अजून उघडी आहेत ते इंजिनाला विचारा. बिलांच्या कामात आम्ही ते विचारलं तेव्हा उत्तर तीन आलं. मी जुन्या आकृतीची प्रिंट शोधली आणि ती तिन्ही कुठे बसली आहेत तिथे एकेक बटण ठेवलं. तिन्ही एकाच चौकोनावर जमली: 'मंजुरी देणे'. साहेब पुन्हा रजेवर होते.