मोठा ब्रेक कॅलिपर मागवायच्या आधी पुठ्ठ्याचा लावून बघा

जुन्या एमजी किंवा ट्रायम्फ कारला पुढे चार पिस्टनचा कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) टाकायचाय, पण तो १३-१४ इंची चाकात बसेल का हे पार्सल आल्यावर कळतं आणि बाहेरून मागवलेला माल परत पाठवणं म्हणजे नुसता वैताग.

१. बरेच कॅलिपरवाले साईटवर आकाराचा नकाशा देतात, तो ॲक्चुअल साईजमध्ये प्रिंट करा. ‘फिट टू पेज’ बंद, आणि प्रिंटवरचं एखादं माप पट्टीने तपासाच, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे हमखास तिथेच गडबड होते.

२. जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापा.

३. चाक काढून आतून धरा, हबचं सेंटर आणि चाक टेकतं ती बाजू जुळवून, मग हळूहळू गोल फिरवा. रिमच्या कडेला तर बघाच पण स्पोकच्या मागेही बघा, बहुतेक वेळा तिथेच अडकतं, आणि बॅलन्सिंगची वजनं आतून चिकटवलेली असतील तर तीही हिशोबात धरा.

सगळीकडे निदान ३ मिमी गॅप हवी.

थोडक्यात अडत असेल तर पुण्याच्या नाना पेठेत कोणी “ग्राइंडर मारून देतो” म्हणेल, अजिबात नको, कॅलिपर घासायचा नसतो. दुसरा छोटा कॅलिपर बघा.