उरलेल्या भ्रूणांच्या पानावर सही करण्याआधी

मी नागपूरच्या धंतोलीतल्या एका आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) केंद्रात समुपदेशक आहे. यवतमाळ, गोंदियाहून पहाटेच निघालेली जोडपी दमून येतात आणि समोर संमतीपत्रांचा गठ्ठा येतो. उपचाराची पानं सगळे नीट वाचतात, उपचारात न वापरता उरलेल्या भ्रूणांचं पान मात्र तसंच उलटलं जातं. त्या पानावर थांबा.

भ्रूण उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानं साठवणीला जास्तीत जास्त १० वर्षं दिली आहेत. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे, किंवा तुमची संमती असेल तर नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे. भ्रूण विकता येत नाहीत. संशोधनासाठी परदेशी पाठवायला तर पूर्ण बंदी आहे.

संमतीपत्र इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा, संकोच नको. मग साठवणीची आणि संशोधनाची संमती वेगळी आहे का ते बघा. 'साठवण व इतर उपयोग' असं एकाच ओळीत असेल तर 'इतर' म्हणजे काय ते लिहून घ्या. कोणती संस्था, काय शोधणार, मूलपेशी (ज्यांपासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकतात त्या) काढणार का, हे विचारा. एकदा त्या मूलपेशींची वसाहत तयार झाली की ती वर्षानुवर्षं वाढत राहते, मागे घेता येत नाही. म्हणून हा प्रश्न मी दोनदा विचारायला लावते. आपल्याकडच्या २०१७ च्या मूलपेशी मार्गदर्शक तत्त्वांनुसार भ्रूण १४ दिवसांपलीकडे प्रयोगशाळेत वाढवता येत नाही. शरीराच्या घडणीची पहिली रेषा त्याआधीच उमटली, तर तिथंच थांबावं लागतं.

काटोलकडच्या एका ताईंनी नवरा बाहेर गेल्यावर हळूच विचारलं, "मॅडम, संशोधनाला नाही म्हटलं तर ट्रीटमेंट थांबवतील का जी?" नाही, ताई. दोन्हींचा संबंध नाही, आणि कुणी जोडू पाहिला तर तिथं सही करू नका. शिवाय निर्णय दोघांचा आहे. "तिच्या वतीनं मीच करतो" म्हणणाऱ्या भाऊंना मी पेन परत ठेवायला सांगते. दोघांपैकी एकाचं काही बरंवाईट झालं तर भ्रूणांचं काय, हेही त्याच वेळी लिहून द्यावं लागतं. विषय जड आहे, पण घरीच बोलून या.

भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत उपचाराची संमती मागे घेता येते. सही केलेल्या कागदांची प्रत घ्या, आणि मोबाइल नंबर किंवा पत्ता बदलला की केंद्राला लेखी कळवा.