कॅज्युअल्टीत पेशंट घेऊन जाताय? मग हे वाचा

सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गर्दी का होते तर सर्दी-खोकलावाले पण तिथेच येतात हे खरंय, पण मोठं कारण वेगळंय, वर वॉर्डात बेड रिकामा नसतो म्हणून ॲडमिट झालेला पेशंट पण खालीच स्ट्रेचरवर अडकून राहतो आणि नवीन येणाऱ्याला जागाच उरत नाही.

म्हणून साधा ताप, जुनं दुखणं असेल तर सकाळची ओपीडी गाठा. सिरियस असेल तर १०८ लावा, फुकट आहे, वाटेतच उपचार सुरू होतात.

पोचल्यावर केस पेपरच्या लाईनीत एकाने थांबायचं, दुसऱ्याने पेशंटजवळ. छातीत दुखत असेल तर लाईन बिईन सोडा, सरळ सिस्टरला सांगा, ईसीजी १० मिनिटांत व्हायला हवा. तोंड वाकडं, हात लुळा पडला असेल तर कधीपासून ती वेळ नक्की सांगा, हा लकवा असू शकतो, त्यात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

आपल्या मागून आलेला आधी आत गेला तर भांडू नका प्लीज, तिथे नंबर नाही, जीवाचा धोका बघतात. पण थांबलेला पेशंट अचानक घामाघूम झाला किंवा गुंगीत गेला तर गप्प बसू नका, लगेच परत दाखवा.

चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट सोबत न्याच.