मल्टिटूल घरी खोलताय? या चुका टाळा

दुरुस्तीला येणारा मल्टिटूल, म्हणजे पक्कड, पाती, कात्री वगैरे एकातच असलेलं घडीचं हत्यार, बहुतेकदा प्लॅस्टिकच्या पिशवीतून येतो, सुट्या भागांच्या रूपात. सोबत एकच वाक्य असतं: "खोलला, पण परत बसत नाही." पिशवी पालथी केली की एखादा वॉशर कमी निघतो, एका स्क्रूचं तोंड गुळगुळीत झालेलं असतं आणि मुठीवर स्क्रूड्रायव्हर घसरल्याचे ओरखडे असतात. सांगली-मिरज असो की सातारा-कराड, चुका त्याच. म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

खोलायची गरज नसताना खोलणं

पातं जड उघडतंय, खरखर वाजतंय, म्हणजे टूल खोलायलाच हवा असं नाही. आपल्याकडे सांध्यात काय जातं ते आधी बघा. वाळवा, कराडकडच्या टूलमध्ये उसाचा रस आणि काकवी वाळून बसलेली असते. त्यावर लोक पेट्रोल ओततात. साखर पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पाण्यात विरघळते. हात बुडवता येईल इतक्या गरम पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, टूल पंधरा-वीस मिनिटं बुडवा आणि पाण्यातच पाती उघड-मीट करा. जुन्या टूथब्रशने सांधे घासा, फडक्याने पुसा, उन्हात उघडं ठेवून पूर्ण वाळवा. मग प्रत्येक सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एक म्हणजे एकच.

तासगावकडच्या द्राक्षबागेतली गोष्ट वेगळी. तिथे फवारणीच्या दिवसांत बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, सांध्यात शिरतं. मोरचूद लोखंडाला खातं आणि वाळलेला चुना आत कचकचतो. फवारणीच्या दिवशी वापरलेला टूल त्याच संध्याकाळी धुवायचा, पुढच्या रविवारची वाट बघायची नाही.

खोबरेल तेल घालू नका. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि पाचगणी-महाबळेश्वरच्या थंडीत सकाळी पातं नखाने उघडत नाही. मग तक्रार येते ती स्प्रिंगची.

एवढं करूनही जड चालत असेल, एखादं पातं बदलायचं असेल किंवा मुठीच्या पट्ट्या बदलायच्या असतील, तरच खोला. त्यातही रिव्हेट मारलेले, म्हणजे स्क्रूऐवजी ठोकून कायमची बसवलेली पिन असलेले टूल सोडून द्या. व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा स्विसटूल रिव्हेटचा आहे, त्याला स्क्रूच नाहीत. पक्कडीच्या तोंडाचा मधला सांधा तर कुठल्याच टूलचा काढू नका. तो एकदा ढिला झाला की घरी पुन्हा जमत नाही. आणि स्वतः बदल केलेल्या टूलवर कंपनीची वॉरंटी चालत नाही, मग ती पंचवीस वर्षांची असो की आयुष्यभराची.

चुकीचा बिट, आणि त्याहून वाईट म्हणजे घाई

सगळ्यात जास्त टूल इथे बरबाद होतात, तेही पहिला स्क्रू हलायच्या आधी.

लेदरमन कंपनीच्या वेव्हसारख्या टूलवर सहा पाकळ्यांचे टॉर्क्स स्क्रू असतात आणि त्यांच्या मध्यभागी बारीक पिन असते. त्याला मध्ये भोक असलेला सिक्युरिटी टॉर्क्स बिटच (स्क्रूड्रायव्हरचं बदलतं टोक) लागतो. बहुतेक ठिकाणी टी-८ आणि टी-१० हे दोन माप पुरतात. घरात साधा टॉर्क्स सेट असतो, त्यात भोक नसतं. मग खिळा आणि हातोडी घेऊन ती पिन मोडायची, असा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. पिन कधी सरळ मोडते. कधी अर्धी राहते आणि बिट वरच्या वरच बसतो. असा अर्धवट बसलेला बिट जोर लावला की पाकळ्या सोलून काढतो.

दुसरी गफलत मापाची. टी-१० चं टोकापासून टोकापर्यंतचं माप २.७४ मिमी, टी-९ चं २.५०, टी-८ चं २.३१. टी-१० च्या स्क्रूत टी-९ आरामात बसतो, फिरल्यासारखाही वाटतो. फरक फक्त पाव मिलिमीटरचा आहे, पण सगळा जोर पाकळ्यांच्या टोकांवर येतो आणि स्क्रू गोल होतो. बिट घातल्यावर तो हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. जरासुद्धा खुळखुळला तर तो बिट तुमचा नाही. शंभर-सव्वाशे बिटचा स्वस्त सेट घेण्यापेक्षा मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे किंवा चांगल्या हार्डवेअरच्या दुकानात सुटे दोन कडक बिट मागा. स्वस्त बिटचं टोक पिळवटतं आणि जाता जाता स्क्रूही घेऊन जातं.

बिट बरोबर असूनही स्क्रू हलत नाही, कारण कारखान्यातून आट्यांवर थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू ढिला होऊ नये म्हणूनचा गोंद, लावलेला असतो. इथे नवखे लोक बिटला पान्याने पकडतात आणि अंगाचं वजन टाकतात. जोर लावायचा नाही, ऊब द्यायची. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर वीस-तीस सेकंद टेकवा. मग बिट सरळ उभा धरून, वरून दाब देऊन, हळू फिरवा. नाही हललं तर पुन्हा ऊब. गॅसची ज्योत किंवा टॉर्च वापरू नका. त्याने स्क्रूआधी पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि प्लॅस्टिक असेल तर वितळतं.

आणखी एक: कित्येक टूलमध्ये सांध्याच्या दोन्ही बाजूंना स्क्रू असतात आणि मध्ये आटे असलेली नळी. एकच बाजू फिरवली तर नळीही सोबत फिरते, आणि माणसाला वाटतं आटे गेले. दुसऱ्या बाजूला तसाच बिट लावून धरा. म्हणजे एका मापाचे दोन बिट हवेत. ही गोष्ट माहीत नसल्याने चांगले स्क्रू ड्रिल करून काढलेले पाहिलेत. ड्रिल करणाऱ्याला काही सुचवावं इतकाही वेळ त्याने कुणाला दिलेला नसतो.

दोन्ही मुठी एकदम खोलणं

एक मूठ खोला, साफ करा, बसवा, चालवून बघा. मग दुसरी. तोपर्यंत दुसरी मूठ हाच तुमचा नकाशा आहे. मोबाइलवर फोटो काढा, जरूर काढा, पण पातळ वॉशर ग्रीसमुळे शेजारच्या पात्याला चिकटून निघतो आणि फोटोत तो दिसतच नाही. ब्राँझचे हे वॉशर कागदाइतके पातळ असतात. एक इकडचा तिकडे झाला की पातं घासतं नाहीतर डुलतं.

यावर सोपा उपाय उदबत्तीच्या काडीचा. स्क्रू निघाला की नळी काढतानाच भोकातून काडी घाला आणि सगळा थर जसाच्या तसा तिच्यावर ओढून घ्या. क्रम तोच, तोंडही त्याच बाजूला. काडीच्या एका टोकाला लाल धागा बांधा, म्हणजे कुठली बाजू वर होती ते कळतं. भाग एकेक करून त्याच काडीवर पुसता येतात.

कात्रीची आणि पक्कडीची बारीक स्प्रिंग पारदर्शक प्लॅस्टिक पिशवीत हात घालून काढा. ती उडाली की घरात सापडत नाही. डोळ्यांवर चष्मा असू द्या, आणि धारदार पात्यांवर आधी कागदी टेप.

मुठीच्या पट्ट्या आणि फेविक्विक

कस्टमायझेशन म्हटलं की सगळ्यांना आधी पट्ट्याच बदलायच्या असतात. ते चांगलंच आहे, कारण त्यात टूलचं फारसं बिघडत नाही. म्हणजे बिघडायला नको.

मिरजेजवळच्या एका तरुणाकडे ९१ मिमीचा लाल व्हिक्टोरिनॉक्स, म्हणजे खिशातला स्विस चाकू, होता. त्याने एका बाजूची लाल पट्टी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटली, त्यात ॲल्युमिनियमचा पत्रा वाकला. वर लावायला त्याने सतारीच्या कामातून उरलेला तूनच्या लाकडाचा तुकडा मिळवला. तून सतारीला उत्तम. मुठीला मात्र मऊ पडतं, खिशातल्या किल्ल्यांनीही त्याला खळगे पडतात. त्याने तुकडा घासून पातळ केला, पण मागच्या बाजूला पितळी पिनांच्या डोक्यांसाठी खोबणी केली नाही. साहजिकच पट्टी टेकेना. मग त्याने फटीत फेविक्विक सोडला.

असा पातळ गोंद फट दिसली की आपोआप आत ओढला जातो. तो पत्र्याखालून थरांत शिरला आणि मोठं पातं, छोटं पातं, कात्री, सगळं जागच्या जागी बसलं. पुढे त्याने नेलपॉलिश रिमूव्हर आणला, त्यात ॲसिटोन होतं. ॲसिटोनने हा गोंद सुटतो, हे त्याला कुणीतरी बरोबरच सांगितलं होतं. सांगणाऱ्याने एवढंच सांगितलं नाही की व्हिक्टोरिनॉक्सची लाल पट्टी ज्या सेलिडॉर प्लॅस्टिकची असते, तेही ॲसिटोनमध्ये विरघळतं. दुसऱ्या बाजूची चांगली पट्टी चिकट झाली, पांढरा क्रॉस तिरका सरकला आणि त्या मऊ लाल प्लॅस्टिकमध्ये अंगठ्याचा ठसा उमटून तसाच वाळला. इतका स्पष्ट की आधारकार्डाला चालेल. चूक गोंदाची नाही. गोंदाने त्याचं काम चोख केलं.

योग्य रीत अशी. टूल पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवा. उकळतं नको, पट्टी वाकडी होते. मग दाढीचं जुनं ब्लेड किंवा बोथट पातळ पातं पट्टी आणि पत्रा यांच्या फटीत, पितळी पिनेच्या जवळ, आडवं सरकवा. पट्टी पिनांच्या डोक्यांवर खटक्याने बसवलेली असते. पिनेपाशी उचललं की टक् आवाज करून सुटते, मध्येच उचकटली की मोडते. ॲसिटोन वापरायचंच असेल तर दोन्ही पट्ट्या काढल्यावर.

लाकूड घ्यायचं तर शिसव किंवा जुनं वाळलेलं बाभूळ. जाडी मूळ पट्टीइतकीच ठेवा. पिनांच्या जागा कार्बन पेपरने उठवून घ्या आणि खोबणी थोडी थोडी करत जा. एकदा जास्त कोरली की भरून येत नाही. चिकटवायला दोन भागांचं सावकाश सुकणारं इपॉक्सी घ्या. समान भाग घ्या, पातळ थर द्या, कडेपासून दोन मिमी आत ठेवा, कपड्याच्या चिमट्यांनी दाबा आणि २४ तास हात लावू नका. पाच मिनिटांत सुकणारं घेऊ नका. पट्टी सरळ करायलाच पाच मिनिटं जातात.

मे महिन्यात साताऱ्यात घट्ट बसवलेली लाकडी पट्टी जुलैत महाबळेश्वरला नेली की फुगते. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. टूथपिक आणि चिमट्याच्या खाचा म्हणून जरा सैल ठेवा. लाकडाला जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात द्या, दोन हातांमध्ये किमान एक दिवस. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकं पसरून वाळवा, मगच टाका.

ग्राइंडरवर पातं घासणं

नको असलेल्या पात्याचं छिन्नीत नाहीतर पटाशीत रूपांतर करायचं असतं, ठीक आहे. पण बेंच ग्राइंडरवर टेकवलेलं पातळ पातं काही सेकंदांत तापतं. "रंग बदलला नाही, म्हणजे तापलं नाही" हे लोखंडी छिन्नीचं गणित इथे लावू नका. स्टेनलेसवर फिका पिवळा रंग दिसेपर्यंत तापमान साधारण २९० अंशांच्या आसपास गेलेलं असतं. बऱ्याच पात्यांचं टेम्परिंग (कडक केल्यावर पुन्हा मोजकं तापवणं) याहून खूप कमी तापमानाला केलेलं असतं, त्यामुळे रंग दिसला म्हणजे उशीर झाला. उघड्या बोटांनी पातं धरा, शेजारी पाण्याची वाटी ठेवा, चटका जाणवला की बुडवा. हातमोजे घालून ग्राइंडरवर काम करू नका. हातमोजा चाकात ओढला जातो आणि वर चटकाही कळत नाही. वेळ असेल तर डायमंडची कानस बरी. साधी कानस कडक पात्यावर नुसती घसरते. भोक पाडायलाही साधा एचएसएस (हाय-स्पीड स्टील) ड्रिल चालत नाही, कार्बाइड लागतो.

परत बसवताना

लाल, म्हणजे जास्त घट्ट धरणारा थ्रेडलॉकर नको. पुढच्या वेळी तो तुम्हालाच काढायचा आहे. बारीक स्क्रूला लॉकटाइट २२२ पुरतं, फार तर निळं २४३. आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच थेंब, तोही आट्यांच्या टोकाला. नळीच्या गुळगुळीत भागाला लागला तर पातं चिकटतं, आणि काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

स्क्रू आवळत न्या. पातं आडवं हलायचं थांबलं की एक अष्टमांश फेरी मागे घ्या. थ्रेडलॉकर सुकायला पूर्ण दिवस द्या. याच दिवशी लोकांना टूल मित्रांना दाखवायचा असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी स्क्रू खिशात सापडतो.

चुंबकाच्या ट्रेवर भाग ठेवू नका. पात्याला चुंबकत्व येतं आणि पुढे बारीक कीस त्याला चिकटत राहतो.

शेवटी लॉक, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारी पट्टी. पातं पूर्ण उघडा, लॉकची पट्टी पात्यामागे पूर्ण आली का ते उजेडात धरून बघा. मग पात्याची पाठ लाकडी ओट्यावर दोन-तीनदा हलकेच आपटा, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून. एकदाही मिटलं तर स्क्रू आणखी आवळून भागवू नका. वॉशरचा क्रम चुकलाय किंवा लॉकच्या तोंडाशी कचरा आहे. काडी घ्या आणि तीच मूठ पुन्हा खोला.