नामशेष पक्ष्याचं हाड ओळखताय? या चुका टाळा

उन्हाळ्यात भाच्यानं हरिपूरच्या संगमावरून एक लांबट हाड आणलं, "मामा, शहामृग!" म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, पाच मिनिटं मीपण हरखलो, मग खालचं टोक धुऊन बघितलं तर सारखे दोन गोल उंचवटे, म्हणजे शेळी. बहुतेक पक्ष्यांच्या पायाच्या नळीला, म्हणजे बोटांच्या लगेच वरच्या लांब हाडाला, तिथं तीन असतात, पुढच्या तीन बोटांचे. शहामृगाला बोटंच दोन, त्यामुळं उंचवटेपण दोन, पण एक थोराड आणि एक बारका.

तर पहिली चूक, नुसत्या साइजवरून नाव ठोकणं. न्यूझीलंडच्या मोआत, म्हणजे तिथल्या नामशेष, न उडणाऱ्या पक्ष्यांत, मोठी हाडं एक जात आणि छोटी दुसरी असं अभ्यासक धरून बसले होते, २००३ मध्ये डीएनए तपासला तर डायनॉर्निस नावाच्या मोआच्या मोठ्या म्हणजे माद्या आणि छोटे म्हणजे नर निघाले!

दुसरी, मोठा आणि न उडणारा दिसला की शहामृगाच्या भावकीत ढकलायचा. पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटाचा नामशेष पक्षी सिल्विऑर्निस १९८० मध्ये तसाच नोंदला गेला, नंतर कळलं हा तर कोंबड्यांच्या गोतावळ्यातला. त्यावर तिथली मातीची टेकाडं म्हणजे त्याचीच घरटी असंही ठरवून टाकलं, २०१६ च्या अभ्यासानं तेही खोडलं. हाडावरून सवयी सांगायची घाई नको राव.

तिसरी चूक माझी स्वतःची. तुलनेला हाडं पाहिजेत म्हणून ब्रॉयलर आणला, तो असतो जेमतेम सहा आठवड्यांचा, पिल्लूच, टोकं कुरकुरीत, शिजताना सुटून आली आणि मी आपला नोंद करतोय की सांधा वेगळाच आहे! जीवाश्मातपण टोक सच्छिद्र, अर्धवट जुळलेलं दिसलं तर आधी वय बघा, नवीन जात नंतर. पूर्ण वाढलेला गावरान कोंबडा घ्या आणि चिकनवाल्याला पंजे तोडू नको म्हणून आधीच सांगा, नळी तिथंच असते. तंगडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पुढून हाडाचा बारीक पूल दिसेल, खालून सुई जाते, शहामृग-इमूला तो नसतो.

मोराचं हाड मात्र घरात ठेवू नका, वन्यजीव कायदा आहे.

आणि एका खड्ड्यात सापडलेली सगळी हाडं एकाच पक्ष्याची धरू नका, दोन डाव्या नळ्या निघाल्या की पक्षी किमान दोन. आमच्या पातेल्यातपण निघाल्या, आईनं गुपचूप दुसरा कोंबडा घातला होता.