उंच आणि सरळ टी-शॉटसाठी ड्रायव्हर कसा निवडावा

गोल्फचा नवा ड्रायव्हर, म्हणजे टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर) ठेवलेला चेंडू लांब मारायचा क्लब, बघायला जाण्याआधी जुना घेऊन रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर जा. औषधाच्या दुकानात पायांसाठी मिळणारा पावडर-स्प्रे फेसवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पुढच्या भागावर, हलका फवारा आणि दहा-बारा चेंडू मारा. पांढऱ्या थरावर प्रत्येक फटक्याचा ठसा उमटतो. दोन-तीन फटके झाले की फेस पुसून पुन्हा फवारा.

ठसे शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला, म्हणजे हीलकडे पडत असतील, तर हेड (दांड्याच्या टोकाचा जाड भाग) आदळताना फिरतं आणि चेंडूला स्लाइसची फिरकी मिळते, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळतो. फेसच्या खालच्या भागात पडत असतील, तर चेंडू कमी कोनात सुटतो आणि त्याला बॅकस्पिन (उलटी फिरकी) जादा मिळतो, त्यामुळे अंतर घटतं. खालच्या ठशांचं कारण बरेचदा टीची उंची असते. अर्धा चेंडू हेडच्या वरच्या कडेच्या वर दिसेल इतकी टी ठेवा, चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत घ्या (उजव्या हाताने खेळणाऱ्यांनी) आणि मगच पुन्हा ठसे बघा.

आता हेड. नियमानुसार ड्रायव्हरचं हेड जास्तीत जास्त ४६० सीसी असू शकतं. फरगिव्हिंग, म्हणजे चुकलेला फटकाही सांभाळून घेणारा हवा असेल, तर पूर्ण ४६० सीसीचंच घ्या. फटका मधोमध बसला नाही तरी हेड किती कमी फिरेल, हे एमओआय (जडत्व आघूर्ण) या आकड्यावरून कळतं. उभ्या अक्षाभोवती त्याची मर्यादा ५,९०० ग्रॅम-चौरस सेंटिमीटर आहे. २०२४ साली पिंग जी४३० मॅक्स १०के आणि टेलरमेड क्यूआय१० मॅक्स आले, तेव्हापासून ‘१०के’ची चर्चा वाढली. मात्र हे दहा हजार म्हणजे उभ्या आणि आडव्या अशा दोन अक्षांची बेरीज. नावात ‘मॅक्स’ असलेली मॉडेल्स साधारणपणे याच घराण्यातली. ‘एलएस’ किंवा ‘एलएसटी’ लिहिलेली लो-स्पिन हेड्स वेगवान स्विंगवाल्यांसाठी असतात, ती बाजूला ठेवा. स्लाइस हटतच नसेल, तर हीलकडे वजन असलेलं ड्रॉ-बायस (चेंडू स्लाइसच्या उलट बाजूला वळवू पाहणारं) मॉडेल मारून पाहा. त्याने वळण कमी होतं, पण बाहेरून आत येणारा स्विंग सुधारत नाही.

सगळ्यात जास्त चुका लॉफ्टच्या, म्हणजे फेस मागे किती कललेला आहे त्या कोनाच्या निवडीत होतात. ‘९ अंश’ लिहिलेला ड्रायव्हर बॅगेत असणं मानाचं वाटतं आणि चेंडू मात्र झुडपात जातो. लॉफ्ट वाढला की चेंडू उंच सुटतो आणि बॅकस्पिन वाढतो. बॅकस्पिन जास्त असला की फेस दोन अंश उघडा राहिला तरी फिरकीचा अक्ष कमी झुकतो, म्हणून चेंडू कमी वळतो. उंची आणि सरळपणा या दोन्ही गोष्टी इथे एकाच उपायाने मिळतात. स्विंगचा वेग ताशी ८५ मैलांच्या आत असेल तर १२ अंश किंवा थोडा जास्त, ८५ ते ९५ असेल तर साडेदहा ते बारा, इथून सुरुवात करा. आपल्याकडे पावसाळ्यात फेअरवे (कापलेल्या गवताचा मुख्य पट्टा) ओला असतो, चेंडू पडला तिथेच बसतो. तेव्हा हवेतलं अंतरच कामाला येतं.

शाफ्ट हलका घ्या. बहुतेकांना ५० ते ६० ग्रॅमचा रेग्युलर फ्लेक्स (लवचिकपणा) पुरतो, संथ स्विंगला जास्त लवणारा सीनियर फ्लेक्स. दुकानातला ड्रायव्हर साधारण साडेपंचेचाळीस इंच किंवा थोडा लांब असतो. लांबी वाढली की फेसच्या मधोमध फटका बसवणं अवघड होतं. ग्रिप एक इंच खाली धरून मारून पाहा. ठसे मध्याकडे सरकले, तर फिटरकडून (क्लब मापाने जुळवून देणाऱ्याकडून) तेवढा आखूड करून घ्या. एक इंच कापल्यावर हेड हलकं भासतं, म्हणून १०-१२ ग्रॅमचं वजन किंवा लेड टेप (शिशाची चिकटपट्टी) हेडला लावायला सांगा.

दोन मॉडेल्सची तुलना लाँच मॉनिटरवर (चेंडूचा वेग, कोन, फिरकी मोजणाऱ्या यंत्रावर) आणि स्वतःच्याच चेंडूंनी करा, कारण रेंजचे झिजलेले चेंडू आकडे बिघडवतात. मध्यम स्विंगसाठी सुटण्याचा कोन १३ ते १६ अंश आणि स्पिन मिनिटाला २,५०० ते ३,००० फेरे चांगला. प्रत्येक मॉडेलने दहा फटके मारा. सर्वात लांब गेलेला विसरा, सर्वात वाईट तीन कुठे गेले ते मोजा. ज्याचे वाईट फटकेही खेळता येण्याजोग्या जागी राहिले, तो घ्या.

लॉफ्ट स्लीव्हने (हेड आणि शाफ्टमधल्या फिरवता येणाऱ्या जोडाने) बदलणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, कमी केला की उघडतो. स्लाइस मारणाऱ्याने लॉफ्ट कमी करून वापरणं म्हणजे त्रास वाढवणं. जोडाचा स्क्रू रेंचचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत घट्ट करा. सैल राहिला तर हेड खडखडतं आणि जोड झिजतो. एक-दोन वर्षं जुनं मॉडेल चालेल, पण क्राउनला (हेडच्या वरच्या भागाला) तडा आहे का हे उजेडात धरून बघा आणि स्पर्धा खेळणार असाल तर ते गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए-यूएसजीए या संस्थांच्या मान्य यादीत आहे ना, हे तपासा.